जहाजावर चढलेला पाय

अक्काने ठोकलेला खिळा कधी वाकडा गेला नाही, आणि अक्काने एकदा डोक्यात घेतलेली गोष्टही कधी वाकडी गेली नाही, असं कारखान्यातले लोक म्हणत. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी एकदा साफ खोटी ठरली, आणि तेव्हा अक्काने जे केलं ते सांगण्यासारखं आहे.

कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट शेड. तिथे कृत्रिम हात आणि पाय बनत. मिस्तरी हे मालकही आणि मुख्य कारागीरही. त्यांच्या हाताखाली चार-पाच माणसं साचे घ्यायची, घासायची, सांधे जुळवायची. शेडच्या टोकाला एक खोली होती. तिथे फळ्या, लाकडाचा कीस, पट्ट्या, खिळ्यांचे डबे आणि रंगाची डबडी यांच्या मधोमध अक्का उभी असायची. तयार झालेला पाय तिच्या हातात आला की तो पेटीत बसवून जिथल्या तिथे पोचवायचा, हे तिचं काम.

हे काम तिने लहान वयातच उचललं होतं. आठवीत शाळा सुटली ती बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तिथे काच हाताला लागली की कुणी मलम देत नसे, शिव्या देत. त्यामुळे वस्तू कशी धरायची, कुठे दाब द्यायचा, कुठे मोकळं सोडायचं, हे तिच्या बोटांनीच ठरवून टाकलं. पुढे लग्न झालं. नवरा लेथवर काम करायचा, बोलायला मोजका पण जिभेला धार. मूल झालं नाही; बहीण वारली तेव्हा तिची मुलगी अक्काने आपल्या घरी आणली आणि वाढवली. ही भाची आता कॉलेजात होती आणि दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून हसत असे.

अक्काला आपल्या इंग्रजीचा भारी अभिमान. पेट्यांवर 'फ्रॅजाइल' आणि 'धिस साइड अप' ही अक्षरं ती पत्र्याचा साचा न लावता, नुसत्या कुंचल्याने रंगवायची. 'काच आहे', 'कोरडं ठेवा', 'उलटं करू नका', सगळं तिला इंग्रजीत यायचं. नवरा म्हणायचा, "हिचं इंग्रजी फक्त लाकडावर चालतं. कागदावर आलं की ते आजारी पडतं." अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्या वर्षी कारखान्यात एक ड्रायव्हरबाई आली. बस चालवायची. रस्त्याच्या कडेला चाक बदलत असताना मागून टेम्पो येऊन धडकला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. राहायची ती लांब, समुद्रकाठच्या गावात. तिथल्या हॉस्पिटलने तिला मिस्तरींकडे पाठवलं होतं. माप द्यायला आली ती दोन आठवडे शेडमागच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिली.

पहिल्याच दिवशी तिने मिस्तरींना विचारलं, "या पायाने क्लच कळेल का मला?"

मिस्तरी म्हणाले, "चालता येईल. जिना चढता येईल."

"ते नाही विचारलं. चढावर बस उभी आहे, मागे गाडी लागलीये, आणि अर्धा क्लच सोडून बस धरून ठेवायचीये. ते कळेल का?"

मिस्तरींनी एका फळीखाली स्प्रिंग लावून तिला खोटा क्लच बनवून दिला. ती दिवसभर बाकावर बसून तो दाबायची आणि सोडायची. घामाने निथळायची. पाय ज्यात बसतो तो पेला एका बाजूला घासायचा, कातडी लाल व्हायची, तरी थांबायची नाही. अक्का जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी येऊन बसायची.

"थोडं थांब की गं. पाय काय पळून जाणार आहे?"

"माझी जागा पळून जाईल, अक्का. आमच्या डेपोत परत घेण्याआधी चाचणी असते. तारीख एकदाच देतात. त्या दिवशी बस चढावर धरली तर ड्रायव्हर. नाही धरली तर तिकिटाच्या खिडकीत बसा." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "खिडकीत बसून मी मरेन."

घासणारा पेला नवा करावा लागणार होता. तेवढ्यात तिच्या घरून आई पडल्याचा फोन आला आणि तिला निघावं लागलं. ठरलं असं की नवा पेला बसवून पाय तिच्या गावच्या हॉस्पिटलात पाठवायचा, आणि तिथल्या फिजिओथेरपिस्टने तो तिला बसवून द्यायचा. बसमध्ये बसल्यावर ती खिडकीतून ओरडली, "अक्का, नीट बांधा हं!"

"तुझ्या पायाची जबाबदारी माझ्या अंगावर आहे," अक्का म्हणाली.

पाय तयार झाला त्याच सुमाराला मिस्तरींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, आणि घरात पडून राहायचा हुकूम. हॉस्पिटल काय कळवतंय ते बघायला अक्का ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. 'प्लीज' तिला माहीत होतं. 'लेग' तर रोजचंच. 'इमिजिएटली' हा शब्द तातडीच्या ऑर्डरवर लाल रंगात असायचा. आणि मध्ये होता 'शिप'.

शिप! शाळेच्या पुस्तकात त्या शब्दाशेजारी तीन शिडांचं जहाज काढलेलं होतं, ते तिच्या डोळ्यासमोर लख्ख उभं राहिलं. कृपया, जहाज, पाय, ताबडतोब. यात न कळण्यासारखं काय होतं? गाव समुद्रकाठचं. रस्त्याने धक्के बसतील, पाण्यावरून सांभाळून जाईल, म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी मुद्दाम सांगितलं असणार. एरवी कारखान्यातले पाय ट्रकने जायचे, पण एवढ्या लांबची ही पहिलीच ऑर्डर होती. मिस्तरींना विचारावं असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला एका ओळीसाठी उठवायचं? आणि ओळ तर कळलेलीच होती.

मग अक्काने पेटी अशी बांधली, जशी आयुष्यात कधी बांधली नव्हती. खाऱ्या हवेने सांधा गंजू नये म्हणून आतून डांबरी कागद लावला. घोटा किंचित वाकवून किसात रुतवला. कडेच्या फटी मेणाने बुजवल्या. मालवाहतुकीच्या एजंटला फोन करून ठणकावून सांगितलं, "बंदरावर न्यायची. जहाजाने जाणार आहे." एजंटने एकदा "जहाजाने?" असं विचारलं, पण अक्काच्या आवाजापुढे त्याने ते गिळलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला ऐटीत सांगितलं, "आज कागदावरचं इंग्रजीही चाललं बरं का."

काही दिवसांनी हॉस्पिटलमधून फोन आला. फिजिओथेरपिस्ट बोलत होती, तरुण आवाजाची आणि घाईतली.

"अक्का, पाय कुठपर्यंत आलाय? चाचणी शुक्रवारवर आली. मला बसवून निदान दोन दिवस तरी चालवून बघायचंय तिला."

"निघालाय की. आता जहाजात असेल."



"कशात?"

"जहाजात. तुम्हीच लिहिलंत ना, शिपने पाठवा."

"अहो अक्का, शिप म्हणजे पाठवा! नुसतं पाठवा. ट्रकने, रेल्वेने, कशानेही. ते किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं जहाज प्रत्येक बंदरावर थांबत येतं. तीन आठवडे लागतात त्याला!"

 अक्काने रिसीव्हर ठेवला. मग सरळ मिस्तरींच्या घरी गेली आणि झालं ते सगळं, काही न लपवता, सांगितलं.

मिस्तरी पट्टीआडून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "नवा पाय करायचा तर साचा आहे, पण माझे डोळे नाहीत. पोरांना तो पेला जमणार नाही. जहाज सुटलं असेल तर हात वर करायचे. हॉस्पिटलने लिहिताना 'सेंड' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, मला कळत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मनाला लावून घ्यायला वेळ कुठाय," अक्का म्हणाली. "बंदर एका दिवसाच्या वाटेवर आहे. मी जाते."

"सुटलं असेल तर?"

"सुटलं असेल तर पुढच्या बंदरावर गाठते."

घरी नवऱ्याने तिची पिशवी भरून ठेवलेली होती. अक्काने भाचीला फोन केला होता, आणि भाचीने त्याला सगळं सांगितलं होतं.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

"तुम्ही कशाला? पाय एकच आहे, दोघं कशाला लागतात आणायला?"

"नाही, भांडायला एखादं माणूस असावं बरोबर."

"भांडायला मी पुरेशी आहे."

"ते मला सांगतेस?" असं म्हणून त्याने पिशवीत एक जाड शाल कोंबली आणि तिला स्टँडवर सोडून आला.

सकाळच्या गाडीने निघून दुपारी अक्का बंदरावर उतरली. समुद्र तिने यापूर्वी चित्रातच पाहिला होता, पण तिने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. विचारत विचारत ती माल चढवण्याच्या ऑफिसात पोचली. उंच टेबलाआड एक कारकून बसले होते, जाड चष्मा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. अक्काने कारखान्याचं नाव सांगितलं, पेटीचं माप सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं आणि मान डोलावली.

"शिप झालीये, बाई."

अक्काने टेबलाची कड घट्ट धरली. शिप म्हणजे पाठवली. म्हणजे गेली. पुढचं बंदर कुठलं, तिथे जायला बस कुठून मिळते, असं सगळं एका दमात तिच्या डोक्यात फिरलं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. आणि दारात थांबली. एकदा या शब्दाने दगा दिला होता; दुसऱ्यांदा त्याच्यावर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. ती परत फिरली.

"साहेब, एक सांगा. शिप झाली म्हणजे गेली, की नुसती चढली?"

कारकुनांनी चष्मा कपाळावर सरकवला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"चढली. आमच्याकडे शिप म्हणजे जहाजावर चढवणं. माल बोटीत गेला की आम्ही 'शिप्ड' असा शिक्का मारतो. बोट मग धक्क्यालाच बांधलेली का असेना."

"मग बोट?"

"ती काय, समोर. भरती आली की सुटेल. संध्याकाळच्या आत."

खिडकीतून एक जुनाट मालवाहू बोट दिसत होती. तिच्यावरची क्रेन अजून पोती उचलत होती.

"उतरवा," अक्का म्हणाली.

"काय?"

"माझी पेटी उतरवा. चुकून चढलीये. पाठवणारी मीच आहे. कुठे सही करू?"

कारकून हसले, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले. अक्काने टेबलावर दोन्ही हात टेकून त्यांना सगळी हकीकत सांगितली. ड्रायव्हरबाई, क्लच, शुक्रवार, आणि पुस्तकातलं तीन शिडांचं जहाज. तिने आपली चूक एवढी सरळ सांगितली की त्यांना तिला वेडी म्हणायची सोयच उरली नाही.

"बसा," ते म्हणाले. "कप्तानाला विचारावं लागेल. तुमच्या मालकांचा होकार फोनवर घेऊ. आणि मुकादम कबूल झाला पाहिजे, तो खरा अवघड."

त्यांनी एक फोन कप्तानाला लावला, एक मिस्तरींना. कप्तान म्हणाला, बोट सुटायच्या आत पेटी सापडली तर न्या, नाहीतर माझा वेळ खाऊ नका. मिस्तरींच्या उत्तराची वाट बघत असताना अक्काने विचारलंच.

"साहेब, हा शब्द असा दोन तोंडांचा का आहे? हॉस्पिटलातली पोरगी म्हणते शिप म्हणजे पाठवणं. तुम्ही म्हणता चढवणं. पुस्तकात म्हणे जहाज."

कारकुनांना हा विषय आवडीचा निघाला. "तिन्ही बरोबर. मुळात जहाज. ते नाव आलं कुठून हे कुणी छातीठोक सांगत नाही. काही विद्वान म्हणतात, झाडाचा बुंधा कोरून केलेली होडी, म्हणून 'कापणं-कोरणं' अशा अर्थाच्या शब्दावरून आलं असावं. पण तो त्यांचा अंदाज. मग जहाजात घालणं हे झालं क्रियापद. माल दूर धाडायचा तर जहाजच लागायचं, म्हणून जहाजात घालणं म्हणजेच धाडणं असं होऊन बसलं. पुढे रेल्वे आली. अमेरिकेतले व्यापारी रेल्वेने माल पाठवू लागले तरी तोंडात शब्द तोच राहिला. जहाज गेलं, शिप राहिलं. आता तर विमानाने गेलं तरी शिप."

"म्हणजे बिनजहाजाचं जहाज."

"अगदी. आम्ही बंदरवाले तेवढे जुना अर्थ धरून बसलोय. खलाशी तर आणखी काय काय म्हणतात. लाटेचं पाणी कठड्यावरून आत आलं तर बोटीने पाणी 'शिप' केलं. वल्ही पाण्यातून काढून आत घेतली तर वल्ही 'शिप' केली."

"म्हणजे आत घेतलं तरी शिप आणि बाहेर पाठवलं तरी शिप?"

"तसंच म्हणायचं."

अक्का म्हणाली, "साहेब, मग मी एकटीच चुकले असं नाही. हा शब्दच भरवशाचा नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मिस्तरींचा होकार आला.

मुकादम खरंच अवघड होता. आडव्या अंगाचा, गळ्यात शिट्टी. तो म्हणाला, "तुमची पेटी खाली गेली, तिच्यावर साबणाचे खोके गेले. आता ते परत काढायचे? माझी माणसं दमलीत."

"किती खोके आहेत?"

"पुष्कळ."

"मग मीही लागते हाताला."

"बाईमाणसाला खाली सोडत नाही आम्ही."

"का? खाली साबणच आहे ना? की वाघ आहे?"

वरचे दोघं-तिघं हमाल हसले. मुकादमाने त्यांच्याकडे डोळे वटारले, पण त्याचा अर्धा राग तिथेच सांडला. तो म्हणाला, "पाय कुणाचा आहे?"

अक्काने सांगितलं. मुकादमाने शिट्टी हातात घेऊन थोडा वेळ नुसती फिरवली. त्याचा धाकटा भाऊ क्रेनखाली सापडला होता आणि अजून कुबड्यांवर चालतो, हे अक्काला नंतर कारकुनांकडून कळलं. त्या क्षणी तो फक्त एवढंच म्हणाला, "वर उभ्या राहा. कुठली पेटी ते सांगा. खाली उतरायचं नाही."

खोके निघू लागले. अक्का बोटीच्या मालखान्याच्या तोंडाशी उभी राहून वरून हाका मारत होती. तिने आपल्या पेटीवर चारही बाजूंनी लाल बाण रंगवलेले होते, पण खालच्या अंधारात सगळ्या पेट्या सारख्याच काळ्या दिसत होत्या. एकदा भलतीच पेटी वर आली, कुणाच्या तरी शिलाई मशीनची. धक्क्याच्या दगडांवर भरतीचं पाणी चढायला लागलं. कप्तानाने वरून एकदा घड्याळ दाखवलं. अक्काने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"डाव्या कोपऱ्यात बघा! मेण लावलंय फटींना. हात फिरवून बघा, गुळगुळीत लागेल."

खालून आवाज आला, "लागलं!"

क्रेनच्या दोराला लटकत पेटी वर आली. धक्क्यावर टेकली तेव्हा अक्काने तिच्यावर हात ठेवला. 

पण अजून निम्मंच झालं होतं. त्या गावाकडे जाणारा ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी होता. बस तासाभरात होती, पण बसवाला एवढी पेटी घेईना. अक्काने मुकादमाकडे पहार मागितली.

"एवढी चांगली पेटी फोडणार?" कारकून कळवळले. ते ऑफिस बंद करून तिच्यामागे आले होते.

"मीच बांधलीये. मलाच माहीत कुठून उघडते," अक्का म्हणाली, आणि आपल्याच खिळ्यांशी झगडू लागली. ते निघता निघेनात. हमाल हसत होते, तीही हसत होती. शेवटी झाकण उखडलं. किसातून पाय बाहेर काढून तिने सांधा तपासला, पेला तपासला, आणि नवऱ्याने कोंबलेल्या शालीत तो गुंडाळला.

बसमध्ये मांडीवर शालीतलं गाठोडं घेऊन ती खिडकीशी बसली. शेजारच्या आजीबाईंना वाटलं, बाळ आहे.

"किती महिन्यांचं?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"नवंच आहे," अक्का म्हणाली.

"झोपलंय वाटतं. अगदी हूं की चूं नाही."

इतक्यात बस खड्ड्यात आदळली, शाल सरकली, आणि त्यातून एक टाच आणि पाच बोटं बाहेर आली. आजीबाईंची किंकाळी ड्रायव्हरपर्यंत गेली. बस थांबली. सगळी माणसं उठून बघू लागली. मग अक्काला सगळ्या बसला पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर आजीबाईंनी आपली उशी काढून पायाखाली दिली आणि ड्रायव्हर म्हणाला, "चढावरची चाचणी म्हणताय? ती मीही दुसऱ्या फेरीत पास झालो होतो." उरलेला रस्ता त्याने खड्डे चुकवत काढला.

बुधवारी सकाळी अक्का हॉस्पिटलच्या आवारात उतरली. ड्रायव्हरबाई कुबड्या घेऊन पायऱ्यांवरच बसली होती. अक्काला बघून ती उभी राहिली. अक्काने गाठोडं पुढे केलं.

"बांधलं होतं नीटच," ती म्हणाली. "फक्त रस्ता चुकला माझा. माझ्या अर्धवट शहाणपणाने तुझी जागा जात होती. राग आला असेल तर आत्ताच बोल, मग मला झोपायचंय."

"राग काल होता," ड्रायव्हरबाई म्हणाली. "काल तुम्ही फोनवर असता तर ऐकवलं असतं. आज तुम्ही समोर आहात. आता काय ऐकवू?" मग दोघींना एकदमच हसू आलं आणि एकीच्या डोळ्यांत पाणीही आलं. कुणाच्या, ते फिजिओथेरपिस्टला दिसलं. तिने कुणाला सांगितलं नाही.

फिजिओथेरपिस्टने पाय बसवला. नवा पेला घासला नाही. दोन दिवस ड्रायव्हरबाई हॉस्पिटलच्या उतारावर चालली, एका ओळखीच्या बसमध्ये बसून क्लच दाबत राहिली. अक्का तिथेच थांबली. तिला जायला सांगितलं तर म्हणाली, "अजून पोचवायचं राहिलंय."

शुक्रवारी चढावर बस मध्येच थांबवायला लावली. मागे अधिकाऱ्याची जीप. पहिल्यांदा बस वीतभर मागे सरकली आणि बघ्यांच्या तोंडून 'अरे' निघालं. ड्रायव्हरबाईने ब्रेक लावला, थांबली, आणि अधिकाऱ्याकडे न बघता पुन्हा क्लच सोडायला घेतला. हळू. आणखी हळू. इंजिनाचा आवाज जड झाला, बसने पुढून नाक उचललं आणि ती जागच्या जागी धरली गेली, ना पुढे ना मागे. मग ती चढून गेली. अधिकारी म्हणाला, सहा महिने छोट्या मार्गावर चालवा, मग बघू. ड्रायव्हरबाईला हे पुरेसं वाटलं नाही. ती त्याच्याशी तिथेच वाद घालू लागली आणि अक्का तेवढ्यात घरची बस गाठायला निघाली.

परत आल्यावर मिस्तरींनी पेटीबद्दल एक शब्द काढला नाही. अक्कानेच काढला. "मला दुपारचे दोन तास मोकळे पाहिजेत. इंग्रजीच्या वर्गाला जाणार आहे."

"तुझं बरं चाललंय की. पुन्हा अशी चूक नाही होणार."

"अशी नाही होणार. दुसरी होईल. मला सगळ्याच शब्दांचं झाकण उघडून बघायचंय."

वर्गात बाकी सगळे तिच्या भाचीच्या वयाचे. शिक्षिकेने पहिल्या दिवशी विचारलं, कोणता शब्द शिकायला आवडेल? अक्का म्हणाली, "पाठवायचे सगळे." शिक्षिकेने मनावर घेतलं. 'सेंड'च्या मुळाशी 'जायला लावणं' आहे, हे अक्काला पटलं. पाठवणं म्हणजे तेच तर. 'पोस्ट'च्या मुळाशी 'ठेवलेलं' आहे, ठरावीक अंतरावर माणसं आणि घोडे ठेवून निरोप पुढे पुढे धाडत त्यावरून ते आलं, हे ऐकून तिने विचारलं की मग उभ्या माणसावरून पळणाऱ्याचं नाव कसं पडलं? शिक्षिका म्हणाली, उद्या सांगते, आणि खरंच शोधून आणून सांगितलं. अवघड गेलं ते व्याकरण. काळ चुकायचे. 'पाठवलं' आणि 'पाठवतेय' यात ती घसरायची, घरी येऊन पुन्हा पुन्हा घोकायची, नवरा कानात कापूस घालायचा. भाची तिला शिकवायला बसली तर दोघींचं भांडण व्हायचं.

एकदा भाची मोबाइलकडे बघून म्हणाली, "मावशी, मी या दोघांना शिप करते."

अक्का ताठ झाली. "कुणाला? कुठे पाठवतेस?"

"पाठवत नाही गं. ही नायिका आणि हा नायक, यांचं जुळावं असं मला वाटतं. त्याला शिप करणं म्हणतात. 'रिलेशनशिप'मधलं शेवटचं शिप."

अक्काने कपाळावर हात मारला. "म्हणजे यात जहाजही नाही आणि मालही नाही?"

"नाही."

"बरं. हेही लिहून घेते," ती म्हणाली. मग चष्मा लावून मोबाइलवरच्या त्या दोघांकडे तिने बारकाईने पाहिलं. "पण हा मुलगा मला नाही पटत. दुसरा बघ तिच्यासाठी."

वर्षभरात ती ऑफिसातले निरोप स्वतः वाचू लागली, स्वतः लिहू लागली. चुका असायच्या, पण तिचा एक नियम होता आणि तो तिने आजवर मोडला नाही: पेटी बांधण्याआधी ती समोरच्या माणसाला फोन करायची आणि विचारायची, कशाने पाठवू, कधी पाहिजे, आणि कुणाला पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाला लोक अडखळायचे. ऑर्डरवर नुसता आकडा असायचा. मग कुणीतरी आत जाऊन विचारून यायचं आणि सांगायचं, एका सुताराला, एका शाळकरी मुलीला, एका माळ्याला. अक्का हो म्हणायची आणि मग फळी कापायला घ्यायची.

परवा एका नव्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला फोनवर जरा तुटकपणे विचारलं, "हे सगळं विचारायची काय गरज आहे? ऑर्डर लिहून दिली आहे ना?"

"दिलीये, डॉक्टर," अक्का म्हणाली, हातातला पाय वळवून त्याचा घोटा बघत. "पण हा पाय कुणाला पाहिजे ते लिहायचं राहिलंय. विचारून या, मी फोन धरते."

आणि ती फोन धरून उभी राहिली.